डेल्मर स्ट्राउडचे सोळा डाव

डेल्मर स्ट्राउड बेचाळिशीला टेकला तरी बेसबॉलचा चेंडू फेकतच होता. एकवीस वर्षं, अकरा गावांचे संघ, आणि खांदा दुखतोय म्हणून एकदाही पाळी चुकवलेली नाही. मोठ्या लीगचं बोलावणं त्याला एकदाच आलं, नऊ दिवसांपुरतं. ते नऊ दिवस तो बाकावर बसून होता. कुणी हळहळलं की म्हणायचा, "पण बाक काय झकास होता! पाठ टेकायला फळी होती."

छप्पन सालच्या उन्हाळ्यात तो कॅरोलायनातल्या कॅलोवे या गिरणीच्या गावाकडून खेळत होता. मॅनेजर होता कॉय लेडबेटर, वय एकतीस. दहा वर्षांपूर्वी हाच कॉय डेल्मरचे चेंडू झेलायला बसायचा, आणि कसं झेलायचं तेही डेल्मरनेच त्याला शिकवलं होतं.

त्या रविवारी पाठोपाठ दोन सामने होते. चर्च आटोपून गाव थेट मैदानावर आलं होतं, उकडलेल्या शेंगांच्या पिशव्या घेऊन. पहिल्या सामन्यात डेल्मरने नऊच्या नऊ डाव टाकले आणि एका धावेने जिंकून दिलं. दुसऱ्याची वेळ झाली, तर वेंडेल नावाच्या पिचरची, म्हणजे ज्याची चेंडू फेकायची पाळी होती त्याची, पाठ धरलेली. बिचाऱ्याला उठून उभंही राहता येईना.

कॉयने डोक्याला हात लावला. वळून बघतो तर डेल्मर बुटांच्या नाड्या आवळतोय.

"तू बस रे!"

"बसायला मी काय लग्नाला आलोय? दुसरा सामना सातच डावांचा. चल, हो बाजूला."

मागून त्याची बायको नेडीन ओरडली, "कॉय, त्याच्या नादी लागू नकोस! मी वीस वर्षं लागून पाहिलंय!" सगळे हसले.

वेग फारसा कधी नव्हताच, होता तोही गेला होता. उरली होती ती अक्कल आणि एक संथ, आळशी चेंडू, जो फलंदाजापर्यंत पोचता पोचता खाली बसायचा. त्यावर डेल्मरने सहा डाव काढले. एक-एक अशी बरोबरी होती. सातव्यात मात्र समोरच्या संघाचे धावणारे तिन्ही बेसवर येऊन उभे राहिले. बाद एकच. कॉय मैदानात चालत आला.

"हात कसाय?"

"खांद्याला लटकलाय अजून." डेल्मरने टोपी मागे सरकवली. "पत्र आलंय ना?"

कॉयने बुटाच्या टोकाने माती उकरली.

"सकाळपासून तू मला दोनदा पाणी विचारलंस. मॅनेजर पाणी विचारायला लागला की समजावं."

"काल आलं," कॉय खाली बघत म्हणाला. "मालकांना तरुण माणूस हवाय. मी भांडलो, डेल्मर. शपथ."

"भांडला असशील. आता जा, आणि मला हा डाव संपवू दे."

कॉयने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि तो निघून गेला.

पुढच्या फलंदाजाने त्या आळशी चेंडूवर तीनदा हवेत बॅट फिरवली आणि बाद झाला. त्याच्या मागच्याने मात्र कसाबसा टोलवला. चेंडू एका खेळाडूच्या ग्लव्हवरून बोटभर उंच गेला आणि दोन धावा झाल्या. डावातला तिसरा, शेवटचा गडी डेल्मरने बाद केला, पण सामना तीन-एक असा गेला. तरी लोक उभे राहिले होते. उन्हात, शेंगांची टरफलं तुडवत, किती तरी वेळ टाळ्या वाजवत होते. डेल्मरला काय करावं कळेना. त्याने टोपी काढली, पुन्हा घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गणवेश परत द्यायला गेला, तर दारामागून कॉयचा आवाज येत होता. फोन दूर आयडाहोतल्या एका संघाला लागलेला दिसत होता.

"हो, बेचाळीस. अहो, ऐका तर! काल एका दिवसात सोळा डाव टाकलेत. नाही, वेग नाही. नव्हताच कधी फारसा. पण तुमची पोरं त्याच्याकडून शिकतील. मी शिकलोय ना!"

डेल्मर दार न वाजवता गणवेश पायरीवर ठेवून मागे फिरला. गाडीत नेडीन नकाशा उलगडूनच बसली होती. कॉयने तिला आधीच सांगून ठेवलं होतं.

"किती लांब गं?"

"चार दिवस. आणि थंडी फार म्हणे."

"खांद्याला बरी नव्हे थंडी."

"मग राहायचं इथेच?" तिने विचारलं.

त्याने गाडी सुरू केली. आयडाहोत तो अजून तीन उन्हाळे खेळला.