बहात्तराव्या तासाचं वाचन

शुक्रवारी संध्याकाळी बाबा घरी आले तेव्हा मी भांडी विसळत होते. त्यांनी चपला बाहेर काढल्या, सरळ न्हाणीघरात जाऊन कोपरापर्यंत हात धुतले आणि आपल्या टॉवेलला पुसले. त्यांचा टॉवेल वेगळा होता, साबणही वेगळा. हा नियम मी बारा वर्षांची असताना घातला होता आणि आता मी एकेचाळीस वर्षांची आहे. मधल्या काळात आई गेली, घर बदललं, पण त्यांनी तो नियम एकदाही मोडला नाही की त्याबद्दल एक शब्द काढला नाही.

"दोन नंबरच्या पाठीवर अजून आहे," जेवायला बसता बसता ते म्हणाले.

"जेवताना नको, बाबा."

"बरं, वकीलसाहेब."

मी वकील नाही, एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. प्रत्येक गोष्टीत वाद घालते म्हणून त्यांनी लहानपणीच ती पदवी देऊन टाकली होती.

"म्हणजे उद्या जावं लागणार," ते म्हणाले.

"उद्या शनिवार आहे. सुट्टी आहे तुम्हाला."

"मला आहे. बहात्तर तासांना नाही."

हे मी इतक्या वेळा ऐकलं होतं की कान किटले होते. आदल्या दिवशी सशाच्या पाठीवरचे केस मशीनने काढायचे. दुसऱ्या दिवशी त्या उघड्या कातडीवर, जे काही रसायन तपासायचं असेल त्याचे काही थेंब कापसाच्या चौकोनी घडीवर घेऊन ठेवायचे आणि वरून पट्टी बांधायची. चार तासांनी पट्टी सोडून कोमट पाण्याने पुसायचं. मग वाचन. तासाभराने, चोवीस तासांनी, अठ्ठेचाळीस तासांनी, बहात्तर तासांनी. लाली किती, सूज किती. काही नसेल तर शून्य, जेमतेम दिसली तर एक, स्वच्छ दिसली तर दोन, आणि असं करत चारपर्यंत. प्रत्येक आकड्यापुढे वाचनाची वेळ आणि वाचणाऱ्याची सही. बाबा ते वाचणारे होते. वाचनाआधी ते एका कोऱ्या पांढऱ्या कागदाकडे मिनिटभर टक लावून बघत. याला ते डोळे धुऊन घेणं म्हणायचे.

"उद्या मला स्कूटरवरून सोडशील का?" त्यांनी विचारलं. "कंपनीच्या फाटकापर्यंतच. आज जिना चढताना जरा दम लागला."

"मग जाऊ नका. दुसरं कुणी बघेल."

"दुसऱ्याचे डोळे वेगळे. एकाने सुरू केलं की त्यानेच संपवायचं, असा नियम आहे."

"सशांना विचारलाय का तो नियम?"

त्यांनी घास थांबवून माझ्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. "लाली तीन," ते म्हणाले. "सूज शून्य. म्हणजे अजून दोनचार वाक्यं येतील."

हा त्यांचा जुना विनोद. मी चिडले की ते माझा चेहरा वाचायचे, आणि त्याने मी आणखी चिडायचे.

"त्या फाटकापर्यंत मी येणार नाही," मी म्हणाले. "माहीत आहे तुम्हाला."

"माहीत आहे. विचारून बघितलं. विचारायला काय जातं?"

त्यांनी ताट उचललं, आपलं आपण धुतलं आणि पुढच्या खोलीत जाऊन बसले. आमच्या घरातला तो शेवटचा साधा दिवस. मी पुस्तक उघडून बसले होते. कुठलं ते आठवत नाही.

बारा वर्षांची असताना मी त्या फाटकातून आत गेले होते. शाळा लवकर सुटली होती, आई गावाला गेलेली, म्हणून बाबांनी मला सोबत नेलं. लांब खोली, दोन्ही बाजूंना पिंजरे आणि कानावर शाईने आकडे लिहिलेले पांढरे ससे. एकाच्या पाठीवर चौकोनी उघडी जागा होती, गुलाबी, पोस्टाच्या तिकिटाएवढी. मी विचारलं, "याला दुखतं का?" बाबा म्हणाले, "हो, थोडं." मी विचारलं, "मग बरा झाला की घरी नेता येईल?" ते म्हणाले, "नाही. काम झालं की मारतात."

कुठलाही बाप त्या जागी खोटं बोलला असता. शेतावर सोडतात, दुसऱ्या मुलीला देतात, काहीही. मी त्यांच्या तोंडाकडे बघत उभी होते, खोटं ऐकायला अगदी तयार. त्यांनी ते दिलं नाही. त्याच संध्याकाळी मी त्यांचा टॉवेल वेगळा केला.

पुढे शाळेत वडिलांवर निबंध आला तेव्हा मी लिहिलं की ते औषधं बनवतात. मैत्रिणींना सांगितलं, कारखान्यात असतात. माझं ठरत आलेलं लग्न मोडलं त्या बैठकीत मुलाकडच्यांनी विचारलं, वडील काय करतात? मी म्हणाले, तपासणी खात्यात आहेत. कसली तपासणी, ते कुणी विचारलं नाही. बाबा समोर बसले होते आणि पायाच्या अंगठ्याकडे बघत होते.

शनिवारी ते बसने निघाले. दहाला दहा कमी असताना कंपनीच्या अलीकडच्या थांब्यावर उतरले आणि तिथेच खाली बसले. पानवाल्याने त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं आणि त्यांच्या खिशातली डायरी काढून मला फोन केला. मी दवाखान्यात पोचले तेव्हा सव्वादहा झाले होते. ते आधीच गेले होते. अकराला मला त्यांच्या मृत्यूचा कागद देण्यात आला. सही करताना समोरच्या भिंतीवरचं घड्याळ मी पाहिलं, कारण दुसरीकडे कुठे बघायचं ते कळत नव्हतं. सव्वाअकराला त्यांना तळघरातल्या शवागारात नेलं. पुढचा तासभर मी त्या बंद दारासमोरच्या बाकावर बसून होते.

बाराव्या दिवशी कंपनीतून फोन आला. कपाट रिकामं करायचं आहे आणि एका कागदावर सही हवी आहे. येता का?

फाटकावरच्या वहीत नाव, वेळ आणि कुणाकडे काम, असे रकाने होते. शेवटचा रकाना होता नात्याचा. मी लिहिलं, नातेवाईक. पहारेकऱ्याने वर पाहिलं. "कोणाचे?" मी बाबांचं नाव सांगितलं. तो उठून उभा राहिला. मला ते आवडलं नाही. या जागेने त्यांच्यासाठी उभं राहावं, असं मला वाटत नव्हतं.

कपाटाजवळ पिंजरे धुणाऱ्या मावशी होत्या. बाबांच्या बोलण्यात त्या अनेकदा यायच्या. चुन्याने खाल्ल्यासारखे भेगाळलेले हात, कमरेला खोचलेलं फडकं. त्यांनी कपाट उघडून दिलं. आत एक पांढरा कोट, चष्म्याचं रिकामं घर, छोटा दिवा आणि त्या पांढऱ्या कागदांचा गठ्ठा.

"तुम्हीच का वकीलसाहेब?" मावशींनी विचारलं.

मी मान हलवली.

"रोज एकदा तरी विषय निघायचा. वकीलसाहेब आज असं म्हणाल्या, वकीलसाहेबांनी आज आमची बिनपाण्याने केली. हसायचे." त्यांनी दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली घेतला. "कागद वाचल्याशिवाय सही करू नका. त्या शनिवारी पिंजरे मीच धुतले. तिन्हींच्या पाठी लालच होत्या. दोन नंबरची तर सुजली होती."

"मग?"

"मग काय, मी झाडूवाली. मला कोण विचारतंय?" त्यांनी हात फडक्याला पुसले. "ते फरशी पुसायचं नवं पाणी आहे. बाजारात आलं की सगळ्यात आधी आमच्याच बादलीत येणार. शुक्रवारी तुमचे बाबा मला म्हणाले होते, हे आलं तर हातमोज्यांशिवाय हात घालू नकोस. वर म्हणाले, उद्या लिहून टाकतो, मग डब्यावरच छापावं लागेल त्यांना."

विभागाच्या प्रमुखांना सगळे शून्यसाहेब म्हणत. हेही बाबांनीच सांगितलं होतं. कुठलंही वाचन चालू असलं की हा माणूस दारातून डोकं आत घालून विचारायचा, शून्यच धरायचं ना? त्यावर बाबांचं ठरलेलं उत्तर होतं, धरायला ते काय मांजर आहे का साहेब, दिसेल ते लिहीन.

शून्यसाहेबांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला, मान एका बाजूला कलवली. मावशी चहा घेऊन आल्या आणि कप ठेवून दाराशी रेंगाळल्या.

"फार मोठी हानी," साहेब म्हणाले. "असा माणूस पुन्हा होणे नाही. एक छोटीशी बाब आहे. काम चालू असताना वाचणाराच गेला, म्हणून ज्यांचं हे रसायन आहे त्यांनी विचारलंय की सगळ्या सह्या त्यांच्याच आहेत ना. घरच्या माणसाने एकदा ओळखून सही केली की फाईल बंद."

त्यांनी कागद पुढे सरकवला. बोट नेमकं जिथे सही करायची तिथे होतं. ते बोट बाजूला होईपर्यंत मी थांबले.

बुधवार, पट्टी सोडली अकरा वीसला; पहिलं वाचन बारा वाजून वीस. लाली दोन, एक, दोन. गुरुवार, अकरा वीस. दोन, दोन, दोन. शुक्रवार, अकरा वीस. दोन, तीन, दोन, आणि दोन नंबरच्या पुढे सूज एक. प्रत्येक ओळीला बाबांची ती आडवी, कंजूष सही. मग शनिवार, अकरा वीस. शून्य, शून्य, शून्य. सूज शून्य. खाली सही. सही चांगली जमली होती. बँकेतही चालून गेली असती.

पण बहात्तर तास म्हटल्यावर अकरा वीसच लिहायचं, ही या लोकांच्या हाताची सवय. नियमात बसणारी वेळ त्यांनी डोळे झाकून टाकली होती. ती वेळ माझ्यापाशी होती. त्या वेळी मी तळघराच्या दारासमोर बाकावर बसले होते.

"ही शेवटची त्यांची नाही," मी म्हणाले.

"शेवटी शेवटी हात थरथरायचा त्यांचा."

"थरथरलेला नाही, सहीत काहीच खोट नाही. पण वेळ अकरा वीस आहे. दहाच्या सुमाराला ते गेले."

त्यांनी कागद आपल्याकडे ओढायचा प्रयत्न केला. मी त्यावर हात ठेवला. चहाचा कप हलला, बशीत सांडला. मावशींनी पुसला नाही.

"हे बघा ताई," साहेबांचा आवाज बदलला, मान सरळ झाली. "बहात्तर तासांनी बरं होतंच बहुतेक. एका ओळीने काय आभाळ कोसळतंय? मेलेल्या माणसाची चौकशी लागावी असं वाटतं का तुम्हाला? उद्या लोक म्हणतील, याची आधीची वाचनंही अशीच असतील. तीस वर्षांच्या नावाला बट्टा लागेल. तुमच्याच बापाच्या."

मी कागदावरचा हात काढला नाही. ते खुर्चीत मागे टेकले आणि हसले.

"आणि तुम्हाला एवढा पुळका कशाला? तुम्ही तर घरात त्यांचा टॉवेलसुद्धा वेगळा ठेवायचात म्हणे. आम्हाला ठाऊक आहे. ते स्वतःच सांगायचे, हसत हसत."

मला वाटलं होतं, टॉवेलची गोष्ट आमच्या दोघांतच आहे. गाल तापले. किती, ते आता सांगणारं कुणी नव्हतं. दोन, असं मी मनात म्हटलं, मग नीट पाहिलं आणि तीन केलं.

टेबलावरचं पेन उचलून मी सही करायच्या जागी लिहिलं: शनिवारी अकरा वाजून वीस मिनिटांनी माझे वडील दवाखान्याच्या तळघरात होते. दवाखान्याचा कागद माझ्याकडे आहे. त्याखाली माझी पूर्ण सही केली. मग फोन काढून त्या पानाचा फोटो घेतला. साहेबांनी उठून दार लावायला सांगितलं. मावशी दारात होत्या, त्यांनी ऐकलं नाही. बाहेर दोनतीन माणसं थांबली होती. पांढऱ्या कोटातली, बाबांच्या वयाची.

मी उभी राहिले. एकोणतीस वर्षांत शाळेत, बैठकीत, शेजारी, फाटकावरच्या वहीतसुद्धा जे सांगितलं नव्हतं, ते त्या माणसांना ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाले:

"माझे वडील सशांच्या पाठीवर रसायन लावायचे. केस काढायचे, पट्टी बांधायचे, चार तासांनी सोडायचे, आणि शेवटी त्या जनावरांना मारतात हे त्यांना माहीत असायचं. मला ते काम कधी पटलं नाही. आजही पटत नाही, आणि त्यांच्या हातांची मला किळस यायची, तेही खरं आहे. पण न बघितलेलं त्यांनी कधी लिहिलं नाही. बारा वर्षांच्या मुलीला बरं वाटावं म्हणूनसुद्धा ते खोटं बोलले नाहीत. त्या माणसाची मी मुलगी आहे. दोन नंबरच्या पाठीवर शनिवारी लाली होती. ती लिहा."