नकाशातला खरा ठिपका

पाण्यातून वर आले, तोंडातली नळी काढली आणि ओरडलेच, "मामा, बोट भलत्याच जागी लावलीत तुम्ही!"

चाळीस वर्षं या पाण्यात बुड्या मारलेल्या माणसाला मी हे सांगत होते! पण खाली अकरा मासे होते. अकरा! वर्षातून एकदा, याच आठवड्यात, या खडकावर मोठे मासे अंडी घालायला जमतात. गेल्या वर्षी मी दोन हजार मोजले होते. वर्षानुवर्षांच्या याच मोजणीवर माझी डॉक्टरेट, माझी संस्था आणि आता समुद्र संरक्षण मंडळाचं अध्यक्षपद. जागा दाखवली मामांनी, मिरवले मी.

"जागा तीच आहे गं," मामा म्हणाले. "यंत्रात बघ."

बघितलं. अक्षांश-रेखांशाचा आकडा न् आकडा जुळत होता.

जवळच एक मासेमारी बोट उभी होती. मामांनी आमची बोट तिच्या कडेला नेली. मी तावातावाने विचारलं, "इथे कोणाच्या परवानगीने?"

कप्तान भलताच हसतमुख. "बंदी पुढच्या महिन्यापासून ना, मॅडम? त्याआधी चौदा बोटी येऊन गेल्या. आम्ही उरलंसुरलं बघायला आलो." मग त्याने मोबाइल पुढे केला. "पण मानलं तुम्हाला! जागा काय अचूक दिलीत. वेबसाइटवरचा तुमचा अहवाल, पान नऊ."

पान आठवर माझा फोटो होता. सत्कारातला, गळ्यात हार घातलेला.

आम्हा संशोधकांत एक पद्धत आहे. अशा जागेचा ठिपका नकाशावर छापताना मुद्दाम काही मैल सरकवायचा. नवशिक्यांना हे पहिल्याच आठवड्यात मी स्वतः शिकवते. यंदा बंदी ठरवणाऱ्या समितीतले एक गृहस्थ म्हणाले, "इतक्या ढोबळ नकाशावर बंदी कशी घालायची?" झालं, मला झोंबलं. माझं काम ढोबळ? थांबा, दाखवतेच! समितीला खरा ठिपका दिला, आणि अहवाल छापायला देताना तोच नकाशा तसाच जाऊ दिला. शेवटचं प्रूफ मीच तपासलं होतं. सही माझी.

अंडी घालायच्या आतच उचलले होते सगळे. अगं बाई, काय करून बसलीस हे?

मामांचा एक कान बुड्यांपायी कधीच गेलाय. त्यांना कप्तानाचं बोलणं नीट कळलं नव्हतं. "काय म्हणतो तो?" त्यांनी विचारलं. "जागा कोणी सांगितली यांना?"

थाप मारता आली असती. मी त्यांच्या चांगल्या कानाशी वाकले. "मी, मामा. मीच सांगितली."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या ओल्या पाठीवर हात ठेवला.

"तू नाही गं. तू कोणाला तरी पाठीशी घालतेयस," ते म्हणाले. "नाव सांग त्याचं. मी बघतो त्याच्याकडे."