माझ्या दारावर लिहिलेला माणूस

नमस्कार मित्रांनो! घुर्र घुर्र ऐकून दचकू नका. मी एक जुना फ्रिज आहे, आणि या वयात थोडी कुरकुर मला शोभते. देवाने मला बोलायला तोंड दिलं नाही, पण दार दिलं. त्या दारावर एकदा एका माणसाचं नशीब लिहिलं गेलं. तीच कथा आज सांगतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. सव्वीस वर्षांपूर्वी मी या स्वयंपाकघरात आलो. माझे मालक फ्रिज दुरुस्त करणारे कारागीर. तेव्हा मला वाटलं, वा! वैद्याच्याच घरी पडलो, आता चिंता कसली? पण मित्रांनो, वैद्याच्या घरचा रोगीच शेवटी औषधाला महाग असतो. दाराचं रबर सैल झालं. मालक म्हणाले, "उद्या बघतो." त्या उद्याला सहा वर्षं झाली. शेवटी मालकीणबाईंनी सुतळी आणली आणि माझं दार बांधून टाकलं.

हा झाला पूर्वरंग. आता मूळ आख्यान ऐका.

मालक ज्या वर्कशॉपमध्ये होते ते बंद पडलं. बावन्नाव्या वर्षी माणूस घरी बसला. दूरच्या शहरात मेव्हण्याचा कारखाना होता. चार महिन्यांत इथे काम मिळालं नाही, तर तिकडे जाऊन एकट्याने खोलीत राहायचं, असं ठरलं. मालकीणबाई दिवसातून दहादा माझ्यापाशी येत. फक्त मला उघडून, काहीच न घेता, पुन्हा सुतळी बांधत. मला सगळं कळे.

त्यांची लेक साबणाच्या कंपनीत विक्रीचं काम करते. एका सकाळी ती भला मोठा कागद घेऊन आली आणि माझ्या दाराचा तेवढा भाग साबणाने घासून, चुंबकं लावून तिने तो तिथे चिकटवला.

"बाबा, नुसते अर्ज टाकून काही होत नाही. आपण तुमची बाजारात आणायची योजना करू. माल काय, गिऱ्हाईक कोण, त्याच्यापर्यंत पोचायचं कसं, गुण कोणते, दोष कोणते, सगळं लिहायचं."

"अगं, मी काय साबण आहे?"

"साबण परवडला," मालकीणबाई म्हणाल्या. "तो निदान घरात कामाला येतो."

लेकीने 'माल' या शब्दापुढे लिहिलं, 'बाबा'. गुणांच्या रकान्यात 'तीस वर्षांचा अनुभव' लिहून ती थांबली. मालकांना स्वतःची स्तुती सुचेना. दोषांचा रकाना मात्र मालकीणबाईंनी हातातली पळी ठेवून स्वतः भरला: 'घरचं काम उद्यावर ढकलतात. पुरावा: हा कागद ज्या दारावर आहे ते दार.'

मी शरमेने थरथरलो. सर्वांना वाटलं, कॉम्प्रेसर सुरू झाला.

योजनेत एक कलम होतं, 'मोफत नमुना वाटणे'. मालक भोळे! ते बेकरीत गेले, शाळेच्या प्रयोगशाळेत गेले, दवाखान्यात गेले, आणि प्रत्येक ठिकाणचा फ्रिज खोलून, पुसून, अगदी नव्यासारखा करून आले. सगळ्यांनी आशीर्वाद दिले. पुन्हा कोणी बोलावलं नाही, कारण पुन्हा काही बिघडलंच नाही.

"अहो, नमुना असा देतात का?" मालकीणबाईंनी कपाळाला हात लावला. "साबणाची चिमुकली वडी द्यायची असते. तुम्ही अख्खं खोकं देऊन आलात!"

लेकीने सुस्कारा टाकून दोषांत दुसरी ओळ लिहिली: 'एकदा दुरुस्ती केली की गिऱ्हाईक पुन्हा फिरकत नाही.'

चौथा महिना सरत आला. मालकांची बॅग कपाटावरून खाली उतरली. आणि एका दुपारी, न कळवता, दारात एक बाई उभ्या राहिल्या. औषधं साठवण्याच्या शीतगृहाच्या त्या व्यवस्थापक. दवाखान्याच्या डॉक्टरांनी त्यांना पत्ता दिला होता.

"तिथला फ्रिज मी पाहिला," त्या म्हणाल्या. "आता घरचा दाखवा. माणूस घरी कसं काम करतो ते मला बघायचं असतं."

मित्रांनो, सगळे माझ्याकडे वळले. मी, सुतळी बांधलेला!

"तो... जरा जुना आहे," मालक म्हणाले.

"कॉम्प्रेसर किती वेळा बदलला?"

"एकदाही नाही."

बाईंनी पर्समधून थर्मामीटर काढला, माझ्या पोटात ठेवला आणि दार बांधून खुर्ची ओढली. दहा मिनिटं! मी देवाचा धावा केला. देवा, आजवर दूध सांभाळलं, आज या माणसाची अब्रू सांभाळू दे. इतकी थंडी मी जन्मात धरली नव्हती. तोवर बाई माझ्या दारावरचा कागद वाचत होत्या. लेक तो झाकायला पुढे झाली, पण उशीर झाला होता. बाई दोषांपाशी आल्या आणि खो खो हसल्या.

थर्मामीटर निघाला. चार अंश, औषधांना हवे तितकेच.

"या दाराने चार?"

"आतलं काम मी चोख ठेवतो," मालक खाली मान घालून म्हणाले. "बाहेरचं..."

"बाहेरचं उद्या," मालकीणबाईंनी वाक्य पुरं केलं.

बाईंनी पेन काढलं आणि दोषांतल्या दुसऱ्या ओळीपासून गुणांच्या रकान्यापर्यंत बाण ओढला. "ही ओळ चुकीच्या जागी लिहिलीत. माझ्याकडे औषधं असतात. दुरुस्तीवाला पुन्हा पुन्हा बोलवावा लागला तर ती फुकट जातात. सोमवारपासून या." मग पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. "हा दोष मात्र खरा. माझ्याकडे उद्या चालत नाही."

मालकीणबाईंनी बॅग उचलून पुन्हा कपाटावर ठेवली आणि बराच वेळ तिकडे तोंड करून डोळे पुसले.

संध्याकाळी लेकीने कागद उतरवला. त्याखाली एक चौकोन पांढराशुभ्र निघाला. भोवती मी तेलकट, पिवळा.

"अगंबाई," मालकीणबाई म्हणाल्या, "हा मुळात असा होता?"

मित्रांनो, आम्ही सगळेच मुळात असे असतो. तुमच्या घरात जो मुकाट्याने राबतो, मग ते यंत्र असो की माणूस, त्याच्यावरून कधी एक ओला फडका फिरवा, दोन गोड शब्द फिरवा. आमचे गुण आम्हाला सांगता येत नाहीत.

आज रविवार आहे. टेबलावर पान्हा आणि नवं रबर येऊन पडलं आहे. मालक मात्र अजून चहाच पीत आहेत. दुसरा कप. मालकीणबाई कमरेवर हात ठेवून त्यांच्यासमोर उभ्या आहेत, म्हणून मला आशा आहे.