टाकोच्या दुकानातली नववी माळ

अपा गेल्याच्या नवव्या दिवशी दुपारी घरातला एसी बंद पडला. आधी त्याचा आवाज बदलला, मग छपरावर काहीतरी खणखणलं, आणि मग काहीच नाही. फिनिक्समध्ये जुलै महिन्यात ही शांतता ज्याने ऐकली आहे, त्याला पुढचं सांगावं लागत नाही.

वडिलांना आम्ही अपा म्हणायचो. एवारिस्तो बोहोर्केस. या शहरातल्या लोकांचे एसी दुरुस्त करण्यात त्यांचं आयुष्य गेलं, आणि स्वतःच्या छपरावर मात्र त्यांनी एक म्हातारं धूड जिवंत ठेवलं होतं. ते फक्त त्यांचंच ऐकायचं. माझा आतेभाऊ चेमा शिडी लावून वर गेला आणि दहा मिनिटांत लालबुंद होऊन खाली आला.

"मामाने आत टायरचा तुकडा पाचर म्हणून मारलाय," तो म्हणाला. "आणि चिकटपट्टीचे इतके थर आहेत की मूळ वायर कुठली तेच कळत नाही. हे आजवर चाललं कसं?"

"तो होता म्हणून चाललं," रेमेदियोस आत्या म्हणाली.

दुरुस्तीवाल्यांना फोन लावले. जुलैत सगळ्यांचंच उत्तर ठरलेलं असतं: मंगळवारी येतो. आज शुक्रवार होता, आणि संध्याकाळी सात वाजता वीस-पंचवीस माणसं नववी माळ म्हणायला येणार होती. बहुतेक सगळी साठीच्या पुढची. आत्याची जिवाभावाची मैत्रीण, कोमाद्रे एदुविहेस, तर ऑक्सिजनची नळी लावून यायची. बाहेर पारा सत्तेचाळीसवर होता आणि घरातला त्याच्याकडे निघाला होता.

माणूस गेल्यावर आमच्या मेक्सिकन कॅथलिक घरांत सलग नऊ संध्याकाळी जपमाळेवरची प्रार्थना, म्हणजे माळ, म्हणतात. मध्ये खंड पडलेला चालत नाही. जाणारा तोवर घरातच असतो. नवव्या दिवशी प्रार्थना पुरी करून मेणबत्ती विझवली की तो निघतो. माझा यावर विश्वास आहे का, हे मला नीट सांगता येणार नाही. दोन्ही बाजूंनी बोलता येईल इतकं मी वाचलेलं आहे. पण आठ संध्याकाळी मी तिथे बसले होते, आणि आपल्या हातांचं काय करायचं हे मला दिवसभरात तेवढा एकच तास कळत होतं. नववी माळ चुकलेली मला चालणार नव्हती. आत्याला तर ती मरण आलं तरी चालली नसती.

"चर्चचा हॉल?" मी विचारलं.

"तिथे कुणाच्या तरी पोरीच्या पंधराव्या वाढदिवसाची पार्टी आहे," चेमा म्हणाला. "बँडबाजा आणि गुलाबी फुगे. विचारून झालं."

मग त्याने एकेक जागा काढायला सुरुवात केली. मॅकडॉवेल रोडवरचा चिनी बुफे, तिथे मागच्या बाजूला वेगळी खोली आहे. मुलांच्या घसरगुंडीवालं बर्गरचं दुकान, ते संध्याकाळी रिकामंच असतं. पिझ्झावाला. मासळीच्या कॉकटेलची गाडी, तिच्यावर पाण्याचा फवारा मारणारे पंखे आहेत.

"फवाऱ्यात मेणबत्ती पेटवू का मी?" आत्या म्हणाली. "अख्ख्या गावात गिळायला बसायच्या जागा हजार. माझ्या भावासाठी गुडघे टेकायला एक नाही."

आत्या अपापेक्षा सहा वर्षांनी मोठी. माझी आई गेल्यावर ती आमच्या घरी राहायला आली आणि तिने घर हातात घेतलं. तिला भावाला घरातूनच, रीतसर निरोप द्यायचा होता. ती ओला टॉवेल मानेवर टाकून अपाच्या फोटोसमोर बसून राहिली. मेणबत्ती उकाड्याने आपोआप वाकायला लागली होती.

तेवढ्यात डॉन लाउरो आले. दोन्ही हातांत बर्फाच्या पिशव्या. कोपऱ्यावरचं ला पितायिता हे टाकोचं दुकान त्यांचं. चेमाने बर्फासाठी त्यांना फोन केला होता. ते दारात थांबले, घरातली हवा त्यांच्या तोंडावर आली आणि त्यांनी पिशव्या खाली ठेवल्या.

"सेन्योरा रेमेदियोस, माझ्याकडे चला. बसायची जागा सगळी तुमची. दोन मशिनं आहेत, दोन्ही एवारिस्तोने बसवलेली. थंडगार."

"तळणीच्या वासात माळ म्हणायची?"

"भाजणीच्या. आम्ही मांस भाजतो."

"आणि त्याला कळणार कसं आम्ही तिथे आहोत म्हणून? तो या घरात आहे. त्याला या घराचा पत्ता ठाऊक आहे."

डॉन लाउरोंनी माझ्याकडे पाहिलं, मग टोपी काढली. "माझ्या दुकानाचा पत्ताही त्याला ठाऊक होता, सेन्योरा. रोज दुपारी येत होता की."

हे त्यांनी बोलायला नको होतं. आत्याचा चेहरा कठोर झाला. अपाला ती रोज सकाळी डबा द्यायची: पिठाच्या रोट्या, सुक्या मांसाचा खिमा, बटाटे. डॉक्टरांनी सांगितल्यापासून मीठ कमी, चरबी कमी.

"रोज?" ती म्हणाली.

मी मध्ये पडले. "आत्या, कोमाद्रे एदुविहेस या घरात पंधरा मिनिटंसुद्धा बसू शकणार नाही. तुलाही मी बसू देणार नाही. आज माळ झाली नाही तर आठ दिवस फुकट, हे तूच सांगितलंयस."

आत्याने मानेवरचा टॉवेल काढला. मग उठली, अपाचा फोटो काखेत मारला आणि म्हणाली, "त्याच्यासाठी भरून ठेवलेला पाण्याचा पेला मी धरते. सांडता कामा नये. चालत चालत त्याला सांगते कुठे निघालोय ते."

आणि खरंच, त्या उन्हात, चेमाची गाडी शेजारून हळूहळू येत असताना, ती कोपऱ्यापर्यंत चालत गेली आणि पुटपुटत राहिली. "आता डावीकडे वळतोय, एवारिस्तो. लाउरोकडे जातोय. तुला सांगायला नकोच म्हणा."

दुकानात डॉन लाउरोंनी टेबलं भिंतीला लावून खुर्च्यांच्या रांगा केल्या होत्या. टीव्ही बंद. चटण्यांचं टेबल, लिंबं, मुळ्याच्या चकत्या, भाजलेल्या मिरच्या, सगळं कापडाने झाकलेलं. त्याबद्दल मी नंतर मनात त्यांचे आभार मानले. फोटो, पेला आणि पेटवलेली मेणबत्ती यांना त्यांनी समोरच्या खिडकीपाशी चांगली जागा दिली. पण आत्याची नजर गल्ल्यामागे होती. तिथे गाडीतूनच खाणं घेऊन जाणाऱ्यांची खिडकी होती, आणि खिडकीशी ग्रिसेल्दा. पन्नाशीची बाई, केसांवर जाळी.

"ती बंद करा," आत्या म्हणाली.

"शुक्रवारची संध्याकाळ आहे, सेन्योरा," डॉन लाउरो म्हणाले. "पुढचं दार मी लावलंय. पण गाड्यांच्या रांगेला काय सांगू? पोरंबाळं मागे बसलेली असतात."

"मी हळू बोलेन," ग्रिसेल्दा म्हणाली. ती बाहेर आली आणि तिने आत्याचे दोन्ही हात धरले. "तुम्ही रेमेदियोस. तुमच्या रोट्या मी ओळखते. इतक्या पातळ की पलीकडचं दिसतं."

"तुला कशा ठाऊक?"

"तो याच टेबलावर डबा उघडायचा ना. कधीकधी मला एक द्यायचा."

आत्याने हात सोडवून घेतले. "थांब. सरळ सांग मला. इथे येऊन तो माझा डबा खायचा, का तुमचा तो मांस गुंडाळलेला बुरीतो?"

ग्रिसेल्दाने डॉन लाउरोंकडे पाहिलं. त्यांनी छताकडे.

"दोन्ही," ती म्हणाली.

"दोन्ही?"

"आधी तुमचा डबा. मग आमचा बुरीतो. म्हणायचा, बहिणीने मीठ काढून घेतलंय, ते भरून काढायला नको का?"

आत्या जवळच्या खुर्चीवर बसली. "आणि मी डॉक्टरशी भांडत होते," ती म्हणाली. "विचारत होते, माझ्या हातचं खाऊन याचा रक्तदाब वाढतो कसा!"

मला हसू आलं. नऊ दिवसांत पहिल्यांदा. मी ते रुमालात दाबलं, आणि आजूबाजूच्या बायकांनी वेगळंच समजून माझी पाठ थोपटली. मी थोपटू दिली. थोड्या वेळाने त्यांचं समजणं खरं ठरलं.

"रेमे, सुरू कर," कोमाद्रे एदुविहेस मागून म्हणाली. "माझा हवेचा डबा कायम पुरणार नाही."

आत्याने फोटोकडे रागाने पाहिलं. "तुझ्याशी नंतर बोलते," ती म्हणाली, आणि क्रुसाची खूण करून माळ सुरू केली.

आधीच्या आठ संध्याकाळी झाली तशीच ती झाली. पहिलं अर्धं वाक्य आत्याचं, उरलेलं आमचं. शीतपेयाचं मशीन मध्येच गुरगुरायचं. ग्रिसेल्दा खिडकीशी उभी राहून आमच्याबरोबर ओठ हलवत होती आणि मधूनच पिशव्या बाहेर देत होती. हळू बोलत होती, शब्द दिल्याप्रमाणे. त्या खिडकीला जुन्या पद्धतीचा इंटरकॉम होता: बाहेरच्या पाटीपाशी गिऱ्हाईक बोललं की आवाज गल्ल्याच्या वर, छताजवळ लावलेल्या कर्ण्यातून यायचा, आणि आपल्याला बोलायचं तर बटण दाबून धरावं लागायचं. बोट दुखतं म्हणून ग्रिसेल्दा गर्दीच्या वेळी त्या बटणात दात कोरायची काडी खोचून ठेवायची. आजही तिने ती खोचली होती. त्यामुळे आमची अर्धी माळ आतापर्यंत रस्त्यावर ऐकू जात होती, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

दहा-दहा मण्यांची पाच दशकं संपली आणि आत्याने मारियेच्या नावांची लांबलचक यादी म्हणायला सुरुवात केली. प्रत्येक नावाला एकच उत्तर असतं.

"पहाटेच्या ताऱ्या," आत्या म्हणाली.

"त्याच्यासाठी विनंती कर," आम्ही म्हणालो.

"आजाऱ्यांच्या आधारा."

"त्याच्यासाठी विनंती कर," आम्ही म्हणालो, आणि आमच्यामागून, अर्धा श्वास उशिरा, छताजवळून एका पुरुषाचा घोगरा आवाज आला: "त्याच्यासाठी विनंती कर."

सगळ्यांच्या माना वर झाल्या. कोमाद्रे एदुविहेसने नाकातली नळी घट्ट धरली. "एवारिस्तो!" ती म्हणाली.

"कुठला एवारिस्तो," चेमा पुटपुटला. "तो स्वतःसाठी कशाला विनंती करेल?"

ग्रिसेल्दाचा हात बटणाकडे गेला होता. "बाहेरची गाडी आहे," ती म्हणाली. "माफ करा सेन्योरा, काडी राहिली. काढते मी."

"ठेव," आत्या म्हणाली.

तिने डोळे मिटले आणि पुढचं नाव घेतलं. जरा मोठ्याने, भिंतीपलीकडे जाईल असं. "दुःखितांच्या सांत्वना."

आम्ही उत्तर दिलं आणि कर्ण्यानेही दिलं. आता त्या घोगऱ्या आवाजाबरोबर एका बाईचा आवाज होता, आणि मागच्या सीटवरून कुणी लहान पोर शब्द चुकवत ओढत होतं. गाडीचं इंजिन घरघरत होतं. त्यांच्या मागे रांग लागलेली असणार. कुणीही भोंगा वाजवला नाही, निदान मला तरी आठवत नाही. मी अपाच्या फोटोकडे पाहत होते. कधीतरी परवान्यासाठी काढलेला फोटो, त्यात ते काहीतरी बोलायच्या बेतात आहेत. ज्यांना ते कधी भेटले नाहीत अशी तीन माणसं त्यांच्यासाठी मागणं मागत होती, आणि अपा कोण हेसुद्धा त्या तिघांना माहीत नव्हतं. गेल्या नऊ दिवसांत मला सांत्वनाचं बरंच काही सांगण्यात आलं होतं. त्यातलं काहीच मी धरून ठेवू शकले नव्हते. हे राहिलं.

"त्याला चिरशांती दे, प्रभू," आत्या शेवटी म्हणाली.

"आणि त्याच्यावर अखंड उजेड पडो," आम्ही सगळे म्हणालो, आतले आणि बाहेरचे.

"आमेन," कर्णा म्हणाला. मग तो जरा खाकरला. "भाजलेल्या मांसाचे दोन बुरीतो द्या. राजमा नको. आणि पोरीला एक चीजची केसादिया. सावकाश होऊ द्या."

डॉन लाउरो स्वतः तव्यापाशी गेले. गाडी खिडकीशी आली तेव्हा मी ग्रिसेल्दाच्या मागे जाऊन उभी राहिले. माणसाच्या अंगावर रंगाऱ्याचे कपडे होते, कोपरापर्यंत पांढरे ठिपके.

"कोण होते?" त्याने विचारलं.

"माझे वडील," मी म्हणाले. "एसीवाले."

"या दिवसांत?" तो म्हणाला, आणि हळहळून मान हलवली. मग पिशवी बायकोकडे देऊन त्याने गाडी पुढे घेतली.

मी परत आले तेव्हा आत्या फोटोसमोर उभी होती. तिने चिमटीने मेणबत्ती विझवली. धुराची बारीक रेघ वर गेली आणि मशिनच्या झोताने मोडली.

"दार उघड, पोरी," ती मला म्हणाली. "आणि धरून ठेव."

मी कडी काढली आणि काचेचं दार पूर्ण उघडून पाठीने धरलं. बाहेरचा उकाडा भट्टीसारखा आत आला. ऊन उतरलं होतं, पण डांबर अजून तापलेलंच होतं. दुकानातली सगळी थंड हवा माझ्या पायांवरून बाहेर जाताना मला कळत होती. एरवी दार दोन क्षण उघडं राहिलं तर डॉन लाउरो ओरडतात. आज ते आमच्याकडे पाठ करून तव्याशी उभे राहिले.

बऱ्याच वेळाने मी आत्याकडे पाहिलं. "आता लावू?"

"अजून जरा थांब," ती म्हणाली. "गुडघे दुखायचे त्याचे."

मी दार धरून उभी राहिले.