ठोकेबाबांचा पाय

फर्निचरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये त्या दिवशी मुंगीला शिरायला जागा नव्हती. घडीच्या खुर्च्या संपल्या तेव्हा लोक जिन्यावर बसले. पंखे गरम हवा ढवळत होते, माइक मधूनच किंचाळत होता, आणि सगळ्यांचे डोळे एका माणसाच्या उजव्या मनगटाला चिकटले होते. मनगट गुबगुबीत. त्यानं जन्मात कधी भरलेली बादली उचलली असेल असं वाटत नव्हतं.

ते मनगट ठोकेबाबांचं. आमच्या कोपऱ्यावरचे औषधवाले त्यावर तीन बोटं ठेवून, डोळे मिटून उभे होते.

"आहे... आहे..." ते म्हणाले. मग त्यांचा आवाज चिरकला. "गेली! नाडी गेली!"

हॉलभर 'हाऽऽ' झालं. एक बाई तर रडायलाच लागली. नाडी गेली म्हणजे माणूस गेला, एवढं कुणालाही ठाऊक. पण गेलेला माणूस समोर बसून मिशीत हसत होता.

"परत बोलावू?" बाबांनी विचारलं. जणू नाडी म्हणजे गल्लीत हुंदडायला गेलेलं पोर.

"आली, आली!" औषधवाले ओरडले. टाळ्यांचा पाऊस.

बाबांनी माइक ओढून घेतला. "देवानं प्रत्येक छातीत ठोके मोजून भरलेत. पळालात, खर्च झाले. जिना चढलात, खर्च झाले. मी बसून बसून इतके साठवलेत, की वाटेल तेव्हा दुकान बंद ठेवतो! कासव बघा. बसून असतं, दीडशे वर्षं जगतं. कोंबडी बघा. दिवसभर तुरुतुरु. किती जगते?"

"कोंबडी लवकर मरते, कारण आपण ती कापून खातो," मी म्हणाले. जरा मोठ्यानंच म्हणाले.

दोन रांगा खुदखुदल्या. मुलानं माझा दंड दाबला. "आई, निदान आज तरी तोंडाला कुलूप लाव."

निदान आज, कारण आज माझ्या नातीचा नंबर होता.

नातीला मी भिंगरी म्हणते. नऊ वर्षांची आहे. जन्मली तेव्हा तिच्या हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी एका जागी चिमटलेली होती. वरच्या अंगाला रक्त जायचं, खाली नीट पोचायचं नाही. पोर काही दिवसांची होती, आणि सुनेच्या मांडीवर बघता बघता राखेच्या रंगाची झाली. ऑपरेशन झालं, चिमटा सुटला, पोर वाचली. पण सुनेच्या डोळ्यांपुढून तो रंग काही गेला नाही. भिंगरी दोन पावलं पळाली की ही ओरडायची, "बस खाली!" शाळेत खेळाच्या तासाला भिंगरी बाकीच्यांच्या चपला सांभाळायची. नाव भिंगरी आणि फिरायला बंदी.

हृदयाच्या डॉक्टरीणबाई दर तपासणीला सांगत, "हिला खेळू द्या. हिच्या हृदयाला झेपेल, हे बघूनच सांगतेय." आम्ही नंदीबैलासारख्या माना डोलवायचो आणि घरी येऊन पोरीला पुन्हा खुर्चीत ठेवायचो, कपाटात काचेचं भांडं ठेवावं तसं. यंदा तिचा रक्तदाब वाढलेला निघाला. गोळी सुरू झाली. सून घाबरली आणि तिनं थेट ठोकेबाबांचा जिना गाठला.

बाबांचा उपाय सोपा होता. गोळी बंद, शाळा बंद, आणि वर्षभर त्यांच्या 'स्थिरकक्षात' बसून राहायचं. तेही आजपासून. पोरीच्या कपड्यांची पिशवी भरून हॉलच्या दाराशी ठेवली होती. घरून निघताना मी सुनेशी कडाकडा भांडले.

"तो रंग तुम्ही पाहिला नाहीत, आई," ती एवढंच म्हणाली.

"ये बाळ," बाबांनी भिंगरीला बोलावलं. "स्थिर राहण्याची ताकद स्वतःच बघ. धर माझी नाडी."

भिंगरी त्यांच्यापुढच्या बुटक्या स्टुलावर बसली. एका हातानं तिनं मनगट धरलं आणि वाकून दुसरा हात त्यांच्या उघड्या पावलावर ठेवला. लोकांना वाटलं, पोर पाया पडतेय. "किती गुणी!" कुणीतरी म्हणालं.

मला मात्र हसू आवरेना. डॉक्टरीणबाई हिची नाडी अशीच बघतात, एक हात मनगटावर आणि एक पावलावर. वर आणि खाली रक्त सारखंच पोचतंय ना, ते कळावं म्हणून. लहानपणापासून हेच पाहिल्यामुळे पोरीला वाटे, नाडी बघायची तर अशीच. घरात कुणी आडवं झालं की ही मनगट आणि पाऊल धरून बसे. मामा, शेजारीण, दूधवाला, कुणी म्हणून सुटलं नव्हतं.

"अगं, पाय कशाला?" बाबांना गुदगुल्या झाल्या असाव्यात.

"हलू नका ना. चुकतं," भिंगरीनं दटावलं.

बाबांनी डोळे मिटले. दंड अंगाशी आवळला.

"हाताची थांबली," भिंगरी बाबांपुढच्या माइकमध्ये म्हणाली. टाळ्या सुरू होणार तेवढ्यात तिनं मान तिरकी केली. "पायाची चालू आहे."

"पायाची... पायाची जरा उशिरा थांबते, बाळ."

"बरं. मी थांबते."

ती थांबली. आम्हीही थांबलो. माणूस मनगटात मेलेला आणि घोट्यात जिवंत, असा सोहळा काही रोज बघायला मिळत नाही.

"अजून चालूच," भिंगरी म्हणाली. मग तिचे डोळे मोठे झाले. "आजी! आता तर पळायलाच लागली!"

"खर्च होतायत की हो!" मी ओरडले. "बाबा, आवरा! शिल्लक संपेल!"

हॉलचा बांध फुटला. औषधवाले हसता हसता खुर्चीवरून घसरले. बाबांचं तोंड आधी लाल, मग जांभळं. त्यांनी हात हिसडून सोडवला आणि दाराकडे बोट रोखलं. "या कार्टीला आधी बाहेर..."

हात वर गेला आणि ढगळ बाहीतून काहीतरी पडलं. टप्. टप्. टप्. लाल रबरी चेंडू, लिंबाहून थोडा मोठा. व्यासपीठावरून उतरला आणि खुर्च्यांखालून घरंगळत निघाला.

आणि भिंगरी त्याच्यामागे धावली.

"बस खाली!" सून किंचाळली. पण पोर तोवर तिसऱ्या रांगेत पोचली होती. लोकांच्या पायांमधून, पिशव्यांवरून उड्या मारत ती थेट मागच्या भिंतीशी गेली. तिथं तिनं चेंडू पकडला आणि वळली. धापा टाकत होती. गाल टोमॅटोसारखे लाल.

सून धावत गेली, गुडघ्यांवर बसली, दोन्ही हातांत तो चेहरा धरून बघत राहिली. राखेचा रंग शोधत होती. तो कुठंच नव्हता.

दरम्यान ठोकेबाबा मागच्या जिन्यानं पसार झाले. धावत गेले, असं औषधवाले सांगतात. साठवलेले ठोके कामी आले म्हणायचे.

दुसऱ्या दिवशी आम्ही तो चेंडू डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवला. त्या आधी पोट धरून हसल्या. मग त्यांनी चेंडू माझ्या मुलाच्या काखेत ठेवला. "दंड दाबा. ताई, तुम्ही यांचं मनगट धरा."

"गेली!" सून दचकली.

"हाताकडे जाणारी रक्तवाहिनी काखेतून जाते. ती दाबली की ठोका मनगटापर्यंत पोचत नाही. हृदय आपलं चालूच असतं. झाला चमत्कार." त्यांनी लगेच चेंडू काढून घेतला. "घरी हा खेळ करायचा नाही."

"पण पळून ठोके संपत नाहीत ना?" सुनेनं हळूच विचारलं.

"उलट आहे. नेमानं खेळणाऱ्याचं हृदय, तो निवांत असताना, कमी ठोक्यांत काम उरकतं. आणि खेळताना रक्त वेगानं वाहतं, त्यानं रक्तवाहिन्या लवचीक राहतात. बसून राहिलेल्या पोरांच्या लवकर ताठ होतात. हिच्यासारख्या मुलांच्या मुळातच थोड्या ताठ असतात, म्हणून तर दाब चढतो. गोळी चालू ठेवा आणि खेळ वाढवा. जड वजन उचलायचं नाही. चक्कर आली, छातीत दुखलं तर थांबायचं आणि मला कळवायचं."

"मी तिला जपत होते हो," सून म्हणाली.

"माहीत आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आता तिच्या रक्तवाहिन्याही जपू या."

तुम्हाला सांगायचं ते एवढंच. चमत्कारवाला नेहमी एकच मनगट पुढे करतो. त्याला दुसरं मागा. पाय मागा. बाही वर करायला सांगा. खरी गोष्ट चहूबाजूंनी बघितली म्हणून खोटी होत नाही. आणि घरात दुखऱ्या हृदयाचं लेकरू असेल, तर त्यानं किती पळायचं हे त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांना विचारा. प्रत्येकाचं हृदय वेगळं असतं. बसून खाणाऱ्याला विचारलंत, तर तो बसायलाच सांगणार.

काल संध्याकाळी भिंगरी गल्लीत तोच लाल चेंडू भिंतीवर आपटत होती. तो उसळून सुनेच्या पायाशी आला. ती चेंडू हातात घेऊन उभी राहिली. मला वाटलं, आता म्हणणार, 'बस खाली.'

"आई, टाक ना!" भिंगरी ओरडली.

सुनेनं चेंडू टाकला. पार गल्लीच्या टोकाशी, लांब. मुद्दाम.