सर्वानुमते रद्द झालेला मंगळवार

सुनयना गाव सोडून गेली आणि परत आली नाही, एवढं आधीच सांगून टाकलेलं बरं. आता ते विसरून जा. कारण गाव कमिटीनं सतरा सह्यांचा ठराव करून ठेवला आहे की, त्या मंगळवारी गावात काहीही घडलेलं नाही. आणि जे घडलंच नाही त्यापायी नववीतली पोर गाव कशाला सोडेल? तेव्हा सुनयना घरीच आहे, असं धरून चालू. (तिचं नाव सुनयना नाही. कायदा तिचं खरं नाव छापू देत नाही. गावात मात्र ते शेंबड्या पोरालाही पाठ आहे.)

तर, न घडलेल्या त्या मंगळवारी सकाळी रेणुकाबाईनं लेकीच्या दोन वेण्या घातल्या. डावी वेणी जरा सैल झाली.

"आई, ही ढिल्ली हाय."

"संध्याकाळी घट्ट करून देतो. जाय, गाडी आली."

गाडी म्हणजे गोपालची ऑटो. गाव आदिलाबाद जिल्ह्यात, तामसीच्या पलीकडं, बसचा भरवसा नाही, म्हणून शाळेच्या पोरी गोपालच्या ऑटोनं जायच्या. गोपाल बत्तीस वर्षांचा, कमिटीचे अध्यक्ष पांडुरंगराव यांचा सख्खा पुतण्या. पोरी त्याला मामा म्हणायच्या. सुनयना शेवटच्या थांब्याची. परतताना बाकीच्या उतरल्या की गाडीत ती एकटीच उरायची. ही गोष्ट सगळ्या गावाला ठाऊक होती आणि कोणाच्याच ध्यानात नव्हती.

चार वाजता सुनयना घरी आली आणि ओट्यावर बसली. दप्तर पाठीवरच. रेणुकाबाईनं चहा दिला, तो निवला. दिवे लागले, तरी दप्तर पाठीवरच.

"काऊन नाही बोलून राह्यली? दप्तर तं काढ." रेणुकाबाईनं पट्ट्याला हात लावला, तशी पोरगी इतकी दचकली की रेणुकाबाईचाच हात भाजल्यासारखा मागं आला. उजवी वेणी जशीच्या तशी होती. डावी सुटली होती.

"मामानं मले थांब्यापाशी उतरूच नाही देलं," सुनयना म्हणाली. "गाडी पुढं नेली. पऱ्हाटीत, कापसाच्या वावरात."

त्यापुढं तिनं जे सांगितलं ते इथं लिहायचं कारण नाही. आईनं ऐकलं, तेवढं पुष्कळ झालं.

बाप पंढरी साधा माणूस. कोणी मोठ्यानं हाक मारली तरी आपलंच चुकलं असं वाटणारा. तो रात्रभर खांबाला टेकून बसला आणि उजाडल्यावर त्याला सुचलं ते गावच्या रिवाजाला धरूनच होतं. पोलिसाकडं जायच्या आधी कमिटीकडं जायचं. बांध असो, बैल असो, बायकोचं माहेरी पळून जाणं असो, आधी कमिटी. तो जाऊन सांगून आला. हीच चूक. पण गावात तिला चूक म्हणत नाहीत, अदब म्हणतात.

गुरुवारी देवळाच्या आवारात बैठक बसली. सुनयनाला घरी ठेवलं होतं, कारण बैठक तिच्याविषयी होती. गोपाल मात्र हजर होता. त्यानंच सतरंज्या अंथरल्या.

पांडुरंगरावांनी घसा साफ केला. "पंढरी, पोरगी तुही तशी आमची. गावाची अब्रू एकच अस्ते. ठानं, कोर्ट, पेपर... तुह्या पोरीचं नाव चार गावात जाईल. मंग कोन करन तिले?"

"व्हय जी," पंढरी म्हणाला.

"म्हनून कमिटीनं दोन गोष्टी ठरवल्या. एक, मंगळवारी काही झालं नाही. दोन, पोरगी अठराची झाली का गोपालसंगं तिचं लगन लावून देऊ. घरची गोष्ट घरात."

बायका मागं, लिंबाखाली बसल्या होत्या. तिथून रेणुकाबाई उठली. बैठकीत बायकांनी बोलायची रीत नव्हती, म्हणून सगळ्यांनी आधी इकडंतिकडं पाहिलं, आवाज कुठून येतो म्हणून.

"दाजी, एक इचारू? काही झालंच नाही, तं लगन कायचं?"

प्रश्न अवघड होता. सचिव जीवनराव यांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं.

"बाईच्या जातीनं कायद्याचं बोलू नये," अखेर पांडुरंगराव म्हणाले. "पंढरी, घरात ने तिले."

जीवनरावांचं अक्षर मोत्यासारखं होतं आणि कमिटीला सगळं लेखी ठेवायची हौस होती. त्यांनी लिहिलं: "दि. मंगळवार रोजी गोपाल याने सुनयना हिच्यासोबत ऑटो रस्त्यावरून पऱ्हाटीत नेऊन जे कृत्य केले, ते घडलेले नाही, असे सर्वानुमते ठरले. याबाबत कोणी बाहेर बोलल्यास गाव त्याच्याशी व्यवहार बंद करील." खाली सह्या. सतरावी सही पंढरीची. ती करेपर्यंत जीवनरावांनी वही धरून ठेवली. त्याच मंगळवारी अध्यक्षांच्या म्हशीला रेडकू झालं होतं. ते झालेलं राहू द्यायचं, असं ठरलं.

आता या वहीचं एक. कमिटीला स्वतःचं कपाट नव्हतं. देवळात उंदीर. म्हणून वही अंगणवाडीच्या लोखंडी कपाटात, लेकरांच्या खाऊच्या पाकिटांवर ठेवायची पद्धत होती. आणि अंगणवाडीची आया कोण? रेणुकाबाई. किल्ली तिच्या कंबरेला. सतरा शहाण्या माणसांनी न घडलेल्या गोष्टीचा पुरावा लिहून काढला, सह्या केल्या आणि नेऊन पोरीच्या आईच्या ताब्यात दिला.

शुक्रवारी सकाळी तिनं कपाट उघडलं. सातवी शिकलेली होती. बोट ठेवून वाचलं. सतराव्या सहीवर बोट बराच वेळ थांबलं. वही नेली तर नवराही जाणार, हे तिला कळत होतं. मग तिनं भिंतीकडं पाहिलं. भिंतीवर सहा वर्षांपासून लेकरांच्या मदतीचा एक सरकारी नंबर रंगवलेला होता, एक-शून्य-नऊ-आठ. अर्धा नंबर पोषणाच्या तक्त्याखाली झाकला होता. तो तक्ता तिनंच लावला होता. तिनं तक्ता काढला आणि फोन केला.

दुपारी मायलेकी आदिलाबादच्या बसमध्ये होत्या. पिशवीत खाऊची पाकिटं, पाकिटांखाली वही. सुनयनाच्या पाठीवर दप्तर.

बायका-पोरींना मदत करणाऱ्या सरकारी सखी केंद्रातली भाग्यलक्ष्मी तेलुगू बोलायची, मोडकी हिंदी बोलायची आणि ऐकून ऐकून मराठी समजायची. तिनं आधी पोरीला पाणी दिलं, दार लावलं, दप्तर काढायला सांगितलं नाही. जबाब घ्यायला आलेली बाई पोलीस होती, पण साडीत आलेली. "तुला पाहिजे तेव्हा सांग. थांबावं वाटलं तर थांब. आई इथंच बसेल," असं ती म्हणाली. कायद्यातच तसं लिहिलं आहे. सुनयनाला मात्र वाटलं की ही बाई फार चांगली आहे. दोन्ही खरं होतं.

मग रेणुकाबाईनं वही पुढं केली आणि वाचून दाखवली.

"अम्मा, फिरसे पढो," भाग्यलक्ष्मी म्हणाली.

तिनं फिरून वाचलं.

"ये इन्होंने खुद लिखा? सही करके?"

"व्हय. अक्षर चांगलं हाय त्यायचं."

भाग्यलक्ष्मीनं कपाळाला हात लावला आणि मोडक्या हिंदीत जे सांगितलं त्याचा अर्थ असा: "लेकराशी असं झालेलं माहीत असून न कळवणं हाच गुन्हा आहे, अम्मा. असल्या गुन्ह्यात समझोता नाही होत. पंच असो, बाप असो." पान उलटता उलटता तिचं बोट शेवटच्या सहीवर गेलं. "ये पंढरी कौन?"

रेणुकाबाई खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "इचा बाप."

गोपालला त्याच दिवशी तामसीच्या रस्त्यावर पकडलं. सतरा जणांना नोटिसा आल्या. सोळा जणांनी सही आपली नाही असं सांगितलं. त्यात जीवनरावही होते, ज्यांचं अक्षर अख्ख्या मंडलात कोणीही ओळखलं असतं. पंढरी एकटा म्हणाला, "सही माहीच हाय साहेब. मी भेलो होतो." आयुष्यात तो पहिल्यांदा न अडखळता बोलला, आणि तेही स्वतःच्याच विरोधात.

गावानं ठरावातला व्यवहार बंद करायचा भाग मात्र तंतोतंत पाळला. गिरणीवाला रेणुकाबाईची ज्वारी दळेना. लेकरं अंगणवाडीत येईनात. ती रोज झाडायची आणि रिकाम्या खोलीला कुलूप लावायची. ओट्यासमोरून जाणाऱ्या बाया तोंड फिरवायच्या. शेजारची बयनाबाई तेवढी एकदा मागच्या दारानं आली, दळलेलं पीठ ठेवलं आणि म्हणाली, "माह्या पोरीलेबी त्यानं... दोन सालाआधी. आमी नाही बोललो वो. तवा आमच्याजवळ किल्ली नोती." आणि गेली.

रेणुकाबाईनं त्या रात्री पिठाला हात लावला नाही. सकाळी बयनाबाईच्या दारात जाऊन उभी राहिली. "चाल," एवढंच म्हणाली. बयनाबाई अजून आली नाही. रेणुकाबाई रोज सकाळी जाते.

सुनयनाला गावात ठेवणं बरं नव्हतं, म्हणून सरकारी बालकल्याण समितीनं तिला निर्मल शहरातल्या मुलींच्या वसतिगृहात पाठवलं. तिथं शाळा आहे, बोलायला बाई आहेत. दुपारी पोरींना लाकडी खेळणी रंगवायला शिकवतात. सुनयनानं पोपट रंगवला. चोच लाल, पंख हिरवे. डोळे काढले नाहीत. रविवारी आई भेटायला गेली तेव्हा तिनं एकच विचारलं:

"बाबानं सही काऊन केली?"

रेणुकाबाईनं कंगवा घेतला. तिनं वेण्या घातल्या, दोन्ही घट्ट. पोरगी वेण्या घालून घेईपर्यंत दप्तर पाठीवर ठेवून बसली होती. मधे दप्तर असताना वेणी घालणं अवघड जातं. रेणुकाबाईला आता सवय झाली आहे.

खटला चालू आहे. तारखा पडतात. मागच्या तारखेला कोर्टाच्या बाकावर बसून तिनं एक दरखास्त लिहिली, अंगणवाडीच्या कोऱ्या फॉर्मच्या पाठीमागं. कारकुनानं ती वाचली, चष्मा पुसला, आणि हिच्यावर कोणता शिक्का मारायचा ते त्याला कळेना, म्हणून बाजूला ठेवली. ती तिथंच आहे:

मेहेरबान साहेबांच्या सेवेशी,

अर्जदार रेणुकाबाई, अंगणवाडी आया.

विनंती अर्ज करते की, आमच्या गाव कमिटीने सदर मंगळवार घडला नाही असे सर्वानुमते ठरवले आहे. ठरावाची वही आपल्याकडे जमा आहे. तरी सदर ठराव निव्वळ कागदावर न ठेवता त्याची अंमलबजावणी करावी, आणि तो मंगळवार माझ्या मुलीच्या अंगावरून व मनातून रद्द करण्यात यावा. सकाळी आठ वाजता दप्तर घेऊन निघालेली मुलगी त्याच दिवशी चार वाजता, जशी गेली तशी, घरी पोचती करण्यात यावी. डावी वेणी ढिली असल्यास चालेल, मी घट्ट करून देईन.

अर्ज मिळाल्याची पोच द्यावी.