काचेवरची ओल

आमच्या कंपाऊंडच्या मागे ती कॅरव्हॅन कधीपासून उभी होती, ते आमच्या कफीललाही, म्हणजे मालकालाही, आठवत नाही. कोण्या युरोपियन इंजिनीयरने देश सोडताना त्याच्या वडिलांच्या गळ्यात मारली होती म्हणे. चाकं वाळूत रुतलेली, खिडकीच्या काचा पिवळ्या पडलेल्या, आणि दार उघडलं की असा कुबट वास यायचा की मांजरसुद्धा आत राहायला तयार नव्हतं. मी त्या मांजराच्या बाजूचा होतो.

जेद्दाहून किनाऱ्याकिनाऱ्याने वर आलं की आमचा हा इस्तिराहा लागतो. शहरातली कुटुंबं सुट्टीला येऊन राहतात, मुलं वाळूत लोळतात, मोठी माणसं मासे भाजतात आणि दुसऱ्या दिवशी गाड्या भरून परत जातात. मग उरतो मी. सुतार, माळी, पहारेकरी, सगळं मीच. सोबतीला सांगलीचा रत्नाकर आहे, इलेक्ट्रिशियन. आम्ही दोघं एका खोलीत राहतो. तो दिवसभर मोबाईलवर कुस्त्या बघतो, मी त्याचं घोरणं ऐकतो. असा आमचा संसार.

माझा खरा संसार दाभोळच्या खाडीकाठी. नूरुन्निसाशी लग्न झालं आणि हळद उतरायच्या आत मी इकडे आलो. मग दर दोन वर्षांनी सुट्टी. सगळ्या सुट्ट्या जोडल्या तर आम्ही एकत्र किती राहिलो, हा हिशोब मी कधी केला नाही. तिने केलाय, पण ती सांगत नाही.

आणि या वर्षी अरीबने, आमच्या पोराने, घरबसल्या आईचा व्हिजिट व्हिसा काढला. "अम्मी जानेवारीत येतेय. आधी उमरा, मग तुमच्याकडे," म्हणाला. मला आनंद झाला, आणि त्याच दमात धडकी भरली. माझ्याकडे म्हणजे कुठे? रत्नाकरच्या घोरण्यात?

त्याच आठवड्यात कफील म्हणाला, "फखरू, भंगारवाल्याला बोलावतो. ती गाडी खलास."

माझ्या तोंडून निघून गेलं, "नको. मी दुरुस्त करतो. बायको येतेय, तिला राहायला द्या."

तो हसला. माणूस वाईट नाही. कॅरव्हॅनच्या भिंतीला बोट लावून त्याने वास घेतला आणि नाक मुरडलं. "कोरडी केलीस तर तुझी. नाही झाली तर भंगारात. यल्ला, लाग कामाला."

आता एक गोष्ट सांगायला हवी. नूरुन्निसाला दमा आहे. पावसाळ्यात घराच्या एका भिंतीने ओल धरली तरी ती पडवीत झोपते. म्हणजे ही गाडी ठणठणीत कोरडी झाली तरच ती माझ्याजवळ राहणार. नाहीतर मक्केच्या हॉटेलात आठवडाभर काढून परत, आणि माझी भेट लॉबीतल्या सोफ्यावर.

मी कामाला लागलो. आतलं पॅनेल काढलं तर मागची लाकडी पट्टी भिजलेल्या बिस्किटासारखी हातात आली. खिडकीखालचा कोपरा, पलंगाखालची जमीन, छताचा एक सांधा, सगळं कुजलेलं. कुजकं तेवढं कापून काढलं, नव्या पट्ट्या घातल्या, जेद्दाहून चांगला प्लायवूड मागवला. रत्नाकर वायरी बदलता बदलता म्हणायचा, "चाचा, एवढी मेहनत स्वतःच्या लग्नात तरी केली होती का?"

"लग्नात मेहनत माझ्या बापाने केली. तू वायर बघ."

माझा बाप मचवे बांधायचा. खाडीत त्याच्या हातचा मचवा गळला असं कोणी म्हणणार नाही. फळ्यांच्या फटीत कापसाची वात ठोकायची, वरून राळ आणि तेल. लहानपणी ती वात वळून द्यायला मीच बसायचो. तेच डोक्यात ठेवून मी कॅरव्हॅन बंद करायला घेतली. बाहेरचा प्रत्येक सांधा भरला. जमिनीला जाळीची भोकं होती, छतावर एक झडप होती, दाराखाली फट होती. कोणा मूर्खाने ही भोकं ठेवली आणि म्हणूनच ही गाडी कुजली, असं म्हणत मी तीही सिलिकॉनने गच्च बुजवली. मग आतून पांढरा ऑइलपेंट मारला. मागे उभं राहून बघितलं तेव्हा मला बापाची फार आठवण आली. तो असता तर पाठीवर थाप मारली असती, असं वाटलं.

नोव्हेंबरात इकडचा तो वेडा पाऊस आला. रस्ते तुंबले, आमच्या खोलीत रत्नाकरची गादी तरंगली. मी कॅरव्हॅनमध्ये बसून होतो. एक थेंब आत आला नाही. मी रत्नाकरला बोलावून मुद्दाम दाखवलं.

मग मी तिथेच राहायला गेलो. तिच्या आधी आपण राहून बघावं म्हणून. दार-खिडक्या लावायचो, वाळू येऊ नये म्हणून. आतच भात शिजवायचो, कपडे आतच वाळत घालायचो. थंडी पडली म्हणून एसीही बंद केला. एका सकाळी पलंगावरची गादी उचलली तर खालून ओली. नव्या पांढऱ्या भिंतीवर, कोपऱ्यात, काळे ठिपके. वास तोच. मी तिथेच जमिनीवर बसलो. तिचं तिकीट काढून झालं होतं.

बाहेरून कुठे गळतंय ते शोधायला मी पाइपने छतावर पाणी मारलं. कुठेच गळत नव्हतं. शेवटी सांगणं भाग होतं, म्हणून व्हिडिओ कॉल लावला आणि कॅमेरा कोपऱ्याकडे फिरवला.

नूरुन्निसा बराच वेळ बघत राहिली. "वारा कुठनं येतो आत?"

"येतच नाय. सगळी भोकं बुजवलंय मी."

"सगळी भोकं बुजवलाव?" ती कपाळाला हात लावून हसली. "अवो, पाणी भायेरनं नाय आलं. तुमचाच वाफारा हाय तो. बाबा मचवा शाकारायचे तवा काय करायचे? तळाच्या फळ्या उचलून उभ्या ठेवायचे. वरचं झाकण कधी पुरतं लावायचे नायत. म्हणायचे, भायेरनं बंद कर, पण आतनं मोकळा ठेव, नायतर लाकूड घुसमाटतं."

"मला नाय कधी सांगितलं बाबांनी."

"सांगितलं की. दर पावसाच्या आधी सांगायचे. फळ्या मीच उचलून द्यायची त्यांना." मग तिने अगदी साधेपणाने विचारलं, "तुमी होताव कुठं?"

तिला टोचायचं नव्हतं. चुलीवर काय आहे विचारावं तसं विचारलं तिने. बापाने मला वात वळायला शिकवलं, तेवढ्यात मी निघून आलो. उरलेलं अर्धं काम तो सुनेला शिकवून गेला. त्याचा मुलगा त्याच्याजवळ नव्हता, हे मला त्या दिवशी, त्या काळ्या कोपऱ्यापाशी, पहिल्यांदा नीट कळलं. मी खूप रडलो. रत्नाकर आत आला, चहा ठेवून गेला.

दुसऱ्या दिवशी भोकांतलं सगळं सिलिकॉन खरवडून काढलं. जमिनीची भोकं मोकळी केली, छताची झडप उघडती केली, पलंगाच्या फळीला फटी पाडल्या, भिजलेलं पॅनेल पुन्हा बदललं. पंखा लावून सगळं दिवसेंदिवस वाळवलं. ती आली त्या दिवशी दारात उभी राहिली, मोठा श्वास घेतला आणि खोकली नाही. मी तिचा श्वास मोजत होतो, ते तिला कळलं. "बरी हाय गाडी," म्हणाली आणि चपला काढून आत आली.

आम्हाला एकमेकांसोबत राहायची सवय नव्हती. ती पलंगाच्या कुठल्या बाजूला झोपते तेही मला विचारावं लागलं. पण चार दिवसांत तिने माझी भांडी आपल्या पद्धतीने लावली, रत्नाकरला तांदळाची भाकरी खाऊ घातली, आणि संध्याकाळी समुद्राकडे बघत म्हणाली, "इतकं मोठं पाणी, आन मासळी किती फिकी!"

सकाळी उठलो की पलंगाजवळची काच आतून पाणी पाणी झालेली असायची. पहिल्या दिवशी मी घाबरलो. भोकं तपासली, सगळी मोकळी होती. ती हसली. "दोन माणसं झोपल्यावर काच भिजणारच की. पुसा." मग रोज सकाळी मी जुन्या लुंगीच्या फडक्याने काच पुसायचो आणि ती पडल्या पडल्या कुठे राहिलं ते दाखवायची. आयुष्यात इतकं सुख मला कुठल्या कामात मिळालं नव्हतं.

व्हिसा संपला. ती गेली.

कफील आला, प्रत्येक कोपऱ्यात हात फिरवला, वास घेतला. "मुमताज! फर्स्टक्लास! एकदम कोरडी," म्हणाला आणि गाडी माझी झाली. मी मान डोलावली.

आता मी तिथे एकटाच झोपतो. ती रोज सकाळी फोन करते आणि आधी तेच विचारते. कालही विचारलं, "भिजली काय काच?"

मी काचेकडे बघितलं. कोरडी ठाक. पलीकडे समुद्र अगदी स्वच्छ दिसत होता.

"हां," मी म्हणालो. "भिजलीय थोडी."

फोनमधून तिने भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "मग पुसा. मी फोन ठेवत नाय."

मी फोन उशीवर ठेवला, फडकं घेतलं, आणि तिला आवाज जाईल अशी ती कोरडी काच पुसत राहिलो.